बटन दाबलं, पण कम्प्युटर चालू होऊन नाही राहिला

नमस्कार राजेहो. आज डेस्कटॉप कम्प्युटरबद्दल बोलू. आता डेस्कटॉप कोण वापरतं असं कोणाला वाटत असेल तर आपल्या नागपुरात इतवारीतल्या एखाद्या ठोक दुकानात जाऊन पाहा, गल्ल्याच्या बाजूला टॅलीची मशीन असतेच, महालातल्या झेरॉक्सवाल्याकडे असते, एमपीएससीचा अभ्यास करणाऱ्या पोट्ट्यांच्या खोलीत असते, आणि कितीतरी घरात लग्नाचे, बारशाचे सगळे फोटो त्या एकाच डब्यात पडून असतात. या मशीनला एक दुखणं जडतं, आणि माझ्या मते ते पार बंद पडण्यापेक्षा वाईट. कधी चालू होते, कधी नाही.

वाईट काऊन म्हणतो ते सांगतो. पार बंद पडलेली मशीन दुकानात नेली की मेकॅनिकला बिघाड समोर दिसतो. पण ही जी कधीकधीवाली आहे ती आपण कॅबिनेट उचलून ऑटोत टाकून बर्डीवर दुकानात नेतो, तिथं प्लग लावला की पहिल्या बटनात चालू. मेकॅनिक म्हणतो काही नाही झालं भाऊ, घेऊन जा. घरी आणली, दोन दिवस चालली, तिसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा ढिम्म. मग अंदाजानं पार्ट बदलणं सुरू होतं, आधी रॅम म्हणजे मेमरीची पट्टी, मग एसएमपीएस म्हणजे आतल्या पार्टांना वीज देणारा डबा, मग मदरबोर्ड म्हणजे सगळे पार्ट ज्यावर बसतात तो मोठा बोर्ड, आणि मधेच कोणीतरी विंडोज फॉरमॅट मारून देतो. हे फॉरमॅटचं मला फार लागतं. बटन दाबल्यावर पंखासुद्धा फिरत नसेल तर त्यात विंडोजचा काय संबंध, विंडोज तर अजून डिस्कवरून वाचलीच गेली नाही ना! पण लोकांचा डेटा जातो, पैसेही जातात, आणि बिघाड जिथल्या तिथं.

म्हणून माझं एकच म्हणणं आहे. 'कधीकधी'ला पण वेळ असते, कारण असतं, ते पकडा आणि मगच स्क्रू ड्रायव्हर हातात घ्या. एक जुनी वही कम्प्युटरजवळ ठेवा. ज्या दिवशी चालू झाला नाही त्या दिवशी लिहा: सकाळ होती का दुपार, थंडी होती का उकाडा, रात्री भिंतीवरचं मेन बटन बंद केलं होतं का, लाईट जाऊन आली होती का, कूलर चालू होता का. आणि बटन दाबल्यावर नेमकं काय झालं. काहीच नाही? पंखा अर्धा सेकंद फिरून थांबला? पंखा फिरतो पण डिस्प्ले नाही? का डिस्प्ले येतो, कंपनीचा लोगो येतो आणि तिथंच अडकतो? या चारी गोष्टी एकदम वेगळ्या आहेत, पण दुकानात गेल्यावर आपण सगळ्याला एकच वाक्य म्हणतो, 'चालू होत नाही'.

आणि वहीच्या आधी एक काम. आज चालू झालाय ना, मग आजच टॅलीचा बॅकअप घ्या, फोटो, पोरांचे प्रोजेक्ट, सगळं बाहेरच्या हार्ड डिस्कवर किंवा पेन ड्राइव्हवर कॉपी करा. उद्या चालू होईल याची खात्री नाही म्हणूनच तर आपण हे बोलून राहिलो.

आता आत काय घडतं ते समजून घ्या, कारण ते समजलं की अर्धं कोडं सुटतं. भिंतीतून २३० व्होल्टचा एसी करंट येतो. कॅबिनेटमधला एसएमपीएस त्याचे १२, ५ आणि ३.३ व्होल्ट डीसी करतो. मेन बटन चालू असलं की कम्प्युटर बंद असतानाही एसएमपीएस एका जांभळ्या वायरवरून ५ व्होल्ट देतच असतो, त्याला स्टँडबाय म्हणतात. म्हणूनच बंद मशीनच्या मदरबोर्डवरचा किंवा मागे नेटच्या वायरजवळचा छोटा दिवा बरेचदा जळत असतो. तुम्ही पुढचं बटन दाबता तेव्हा ते बटन थेट वीज चालू करत नाही, ते फक्त मदरबोर्डला खूण करतं, मदरबोर्ड हिरव्या वायरवरून एसएमपीएसला सांगतो चालू हो, एसएमपीएस आपले व्होल्टेज उभे करतो, आणि सगळे बरोबर आले की करड्या वायरवरून 'पॉवर गुड'चा निरोप पाठवतो. हा निरोप व्होल्टेज उभे झाल्यावर १०० ते ५०० मिलिसेकंदांत जायला पाहिजे, १२ व्होल्टची लाइन ११.४ ते १२.६ मधे पाहिजे. निरोप आला नाही तर प्रोसेसर कामाला लागतच नाही.

म्हणजे सगळा खेळ अर्ध्या सेकंदाच्या आतला. धडधाकट एसएमपीएस हे रोज करतो. म्हातारा झालेला एसएमपीएस एखाद्या दिवशी जेमतेम पार होतो, एखाद्या दिवशी नाही होत. 'कधीकधी' जन्माला येतं ते बरेचदा इथं.

म्हातारा काऊन होतो? एसएमपीएसमधे आणि मदरबोर्डवर ते उभे गोल डबे असतात, कपॅसिटर. आपल्या गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीसारखं त्यांचं काम, नळाला पाणी कमीजास्त आलं तरी घरात धार सारखी राहते तसे हे व्होल्टेज सारखं ठेवतात. आत ओलसर रसायन असतं, ते उन्हाळ्यानं हळूहळू सुकतं, आणि टाकी लहान होत जाते. साधा हिशोब असा की दर १० डिग्री तापमान वाढलं की कपॅसिटरचं आयुष्य साधारण अर्धं होतं. आता आपल्या नागपूरचा मे महिना आठवा, बाहेर ४५ च्या वर पारा, खोली वरच्या मजल्यावर थेट स्लॅबखाली, आणि कॅबिनेट कम्प्युटर टेबलच्या त्या बंद कप्प्यात, मागून भिंतीला चिकटलेलं. तो कप्पा कोणी काढला मला माहीत नाही पण आपल्या गावासाठी तो नाही. कॅबिनेट बाहेर काढा, मागे एक वीत जागा सोडा. एवढ्यानं बरीच वर्षं वाढतात.

आणि गंमत म्हणजे उन्हाळ्यानं मारलेला कपॅसिटर रडतो हिवाळ्यात. ते रसायन थंडीत अजून सुस्त होतं. २०१८ च्या २९ डिसेंबरला आपल्याकडे पारा ३.५ डिग्रीवर उतरला होता, तसं नाही तरी दरवर्षी डिसेंबर-जानेवारीत सकाळी दुकानं उघडताना चांगला गारठा असतोच, आणि त्याच दिवसांत ही तक्रार येते: सकाळी चारपाच वेळा बटन दाबावं लागतं, एकदा चालू झाली की दिवसभर झकास, दुपारी बंद करून पुन्हा चालू केली तरी पहिल्या बटनात चालू. वहीत असं दिसलं ना की निम्मं निदान झालं. थंड असताना नाही आणि गरम झाल्यावर हो, म्हणजे पहिला संशय एसएमपीएसवर, दुसरा मदरबोर्डच्या कपॅसिटरवर. कॅबिनेटचं झाकण उघडून टॉर्चनं पाहा, कपॅसिटरचं डोकं सपाट पाहिजे, फुगलेलं असेल किंवा वर तपकिरी काही सांडल्यासारखं असेल तर तो गेला. २००० च्या आसपास ते २००७ पर्यंतच्या काळात खराब रसायनाचे कपॅसिटर जगभर कितीतरी मदरबोर्डमधे बसले होते, ते अशाच फुगलेल्या डोक्यांनी ओळखू येत. नव्या बोर्डवर बरेचदा घन प्रकारचे असतात, ते असे फुगत नाहीत, त्यामुळे तिथं नुसतं डोळ्यानं कळत नाही.

एक गोष्ट हात जोडून सांगतो. एसएमपीएसचा डबा स्वतः उघडू नका. प्लग काढल्यावरही आतल्या मोठ्या कपॅसिटरमधे ३०० व्होल्टच्या वर साठा राहू शकतो. तपासायचा असेल तर दुसरा चांगला एसएमपीएस लावून पाहणं हाच खरा उपाय. मल्टिमीटरनं १२ व्होल्ट बरोबर दिसले म्हणून तो चांगला असं समजू नका, मीटरवर आकडा स्थिर दिसतो आणि चालू होतानाची ती अर्ध्या सेकंदातली डुबकी दिसतच नाही.

आता उन्हाळावाले बिघाड. आपल्याकडे कूलर म्हणजे घरातला माणूसच, पण कूलरच्या हवेत ओल असते, आणि ओलीवर धूळ चिकटून बसते. मशीन कूलरच्या थेट झोतात असेल तर रॅमच्या सोनेरी पट्ट्यांवर थर चढतो, मग पंखा फिरतो पण डिस्प्ले नाही, किंवा बीप बीप वाजतं. प्लग काढा, बटन १५-२० सेकंद दाबून धरा म्हणजे उरलेला करंट निघून जाईल, रॅम काढा, पांढऱ्या मऊ खोडरबरनं पट्टी हलकी पुसा, भुगा झटका, आणि कट्‌ आवाज येईपर्यंत परत बसवा. दोन रॅम असतील तर एकएक लावून पाहा. पण दर महिन्याला रॅम पुसावी लागत असेल तर दोष रॅमचा नाही, स्लॉटचा किंवा कूलरच्या जागेचा आहे. आणि कूलर, कम्प्युटर, प्रिंटर हे सगळं एकाच एक्स्टेंशन बोर्डवर नको. कूलरची मोटर सुरू होताना झटका घेते, बोर्डातल्या ढिल्या पत्त्या तापतात, आणि मग थ्री-पिन हलवली की चालू असा प्रकार होतो. आधी मशीन थेट भिंतीच्या सॉकेटला लावून दोनचार दिवस पाहा. यूपीएस असेल तर तोही मधून काढून पाहा, त्याची बॅटरी दोनतीन वर्षांत दम तोडते आणि मग यूपीएसच मशीनचा भार झेलत नाही.

आता वहीतला तो मेन बटनवाला प्रश्न. काही जण रात्री भिंतीवरचं बटन बंद करतात, काही करत नाहीत. ज्या रात्री बंद केलं त्याच्याच सकाळी त्रास होत असेल, आणि तारीख-वेळ चुकलेली दिसत असेल, तर मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल संपला, सीआर २०३२ नावाचा, ३ व्होल्टचा. मेन चालू असताना घड्याळाला स्टँडबायचा करंट मिळतो म्हणून सेल मेल्याचं कळत नाही. बंद केलं की बायॉसच्या, म्हणजे मशीन चालू होताना सगळ्यात आधी चालणाऱ्या मदरबोर्डवरच्या प्रोग्रामच्या, सेटिंग पुसल्या जातात, मग सकाळी मशीनला कोणत्या डिस्कवरून कसं चालू व्हायचं तेच आठवत नाही, 'बूट डिव्हाइस नॉट फाउंड' येतं आणि घरचे म्हणतात हार्ड डिस्क गेली! घड्याळवाल्याकडेही हा सेल मिळतो. नवी हार्ड डिस्क घ्यायच्या आधी तो बदला.

पुढचं बटनही तपासा, तेच तर रोज मार खातं. आतून चिकटलं किंवा झिजलं की कधी लागतं कधी नाही. मेकॅनिक मदरबोर्डवर या बटनाची वायर लागते त्या दोन पिना स्क्रू ड्रायव्हरच्या टोकानं क्षणभर जोडून पाहतो, तसं दरवेळी चालू होत असेल तर बटनच खराब. मग रिसेटच्या बटनाची वायर पॉवरच्या पिनांवर लावून घ्या, फुकटात काम होतं.

लोगोवर अडकत असेल तर सगळे यूएसबी काढा, पेन ड्राइव्ह, प्रिंटर, सगळं, फक्त कीबोर्ड-माउस ठेवा. पुढच्या यूएसबी पोर्टमधली पिन वाकली असेल तर काही मदरबोर्ड 'यूएसबी ओव्हर करंट' असा मेसेज देऊन १५ सेकंदांत स्वतःच बंद होतात. आणि लोगो जाऊन काळा पडदाच राहत असेल, पण बटन दाबून धरून पुन्हा चालू केल्यावर बरोबर येत असेल, तर विंडोजचं फास्ट स्टार्टअप पाहा. विंडोज ८ पासून शटडाउन केलं तरी मशीन पूर्ण बंद होत नाही, विंडोजचा काही भाग डिस्कवर साठवून ठेवते आणि सकाळी तोच उचलते, तो नीट उचलला गेला नाही की अडकते. कंट्रोल पॅनलमधे पॉवर ऑप्शन्समधे जाऊन पॉवर बटनांच्या सेटिंगमधे ती टिक काढता येते. चालू व्हायला थोडा वेळ जास्त लागेल, लागू द्या.

हे सगळं एकाच दिवशी करू नका बरं. एक गोष्ट बदला, चारपाच दिवस वहीत लिहा, मग दुसरी. एकाच दिवशी रॅम पुसली, सेल बदलला, एक्स्टेंशन बोर्ड बदलला आणि मशीन सुधारली तर कशानं सुधारली हे कळत नाही, आणि पुन्हा बिघडली की पुन्हा शून्यापासून.

एवढं करूनही जमलं नाही तर दुकानात जा, पण वही घेऊन जा. मेकॅनिकला म्हणा की भाऊ, ही थंडीत सकाळीच रुसते, रात्रभर तुझ्याकडे ठेव आणि सकाळी दुकान उघडल्या उघडल्या बटन दाबून पाहा, दुपारी नको. आणि एसएमपीएस बदलायचा ठरला तर जुन्याचे वॅट आणि मदरबोर्डला जाणारे कनेक्टर, २४ पिनचा मोठा आणि प्रोसेसरजवळचा ४ किंवा ८ पिनचा, मोबाईलवर फोटो काढून दाखवा, वॉरंटीचं बिल मागून घ्या, आणि नवा लावल्यावर डब्यात ठेवलेला जुना लगेच भंगारात देऊ नका, आठवडाभर सकाळी मशीन नीट चालू होते का ते पाहा, मग द्या. नमस्कार.