वीस ज्यूलच्या आत

(दृश्य: कागदी टार्गेट, अगदी जवळून)

एअर रायफलचं टार्गेट. सगळ्यात बाहेरचं वर्तुळ 45.5 मिलिमीटरचं, आणि मधला तो पांढरा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा. दहा मीटरवर उभं राहून तो उडवायचा. छर्रा पुढून चपटा असतो, त्यामुळं कागद फाटत नाही, गोल भोक पडतं. छर्ऱ्याचं वजन जेमतेम अर्धा ग्रॅम.

(दृश्य: दुधाळीची नेमबाजीची रेंज, सरावाला आलेली मुलं)

कोल्हापूरला नेमबाजीचा नाद जुना. 2010 साली म्युनिकमध्ये तेजस्विनी सावंत जगज्जेती झाली. 2018 च्या आशियाई स्पर्धेत राही सरनोबतनं सुवर्ण मारलं. आणि 1 ऑगस्ट 2024 ला राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिसमध्ये कांस्य जिंकलं, तेव्हा ज्यांना त्याचा ‘थ्री पोझिशन’ प्रकार (गुडघ्यावर बसून, झोपून आणि उभं राहून नेम धरायचा) म्हणजे काय ठाऊक नव्हतं त्यांनीही पेढे वाटले.

खरं तर ही तिन्ही पदकं एअरगनची नव्हेत, पॉइंट टू टूच्या (0.22 इंची) काडतुसाची. पण काडतूस आलं की परवाना आला. आज नवखं पोरगं हातात धरतं ती एअर रायफलच, आणि तीही बहुधा क्लबची, आळीपाळीनं.

(दृश्य: पाचगावातली एक गच्ची, रविवार सकाळ)

रेंजवर न जाणारेही बरेच आहेत. चाळिशीतली माणसं, कुणाचं दुकान, कुणाची शिरोलीत नोकरी. पाण्याच्या टाकीला टेकून ठेवलेला पत्र्याचा डबा, त्यात ‘पुढारी’च्या रद्दीचे घट्ट गठ्ठे आणि मागं वाळूचं पोतं. नळी मोडायची, छर्रा बसवायचा, नळी सरळ करायची. आत स्प्रिंग दाबून बसलेली असते. ट्रिगर ओढला की दट्ट्या सुटतो आणि कोंडलेली हवा छर्ऱ्याला ढकलते. ज्यांचा खिसा जड, ते पीसीपी बंदुकीकडं वळतात. त्यात दोनशे बारच्या आसपास दाबानं हवा भरून ठेवलेली असते. तिला स्प्रिंगचा धक्का नाही, नेम लवकर बसतो. सायकलच्या पंपानं भागत नाही एवढंच.

आता कायदा काय म्हणतो? 2016 च्या शस्त्र नियमांनुसार नळीचं भोक 4.5 मिलिमीटरपर्यंतचं आणि छर्ऱ्याची ऊर्जा 20 ज्यूलपर्यंत असेल तर परवाना लागत नाही. यातली एकही मर्यादा ओलांडली की लागतो. स्पर्धेची रायफल साडेसात ज्यूलच्या आसपास असते, म्हणजे मर्यादेच्या निम्म्याहून कमी. ऑलिम्पिकचं पदक तेवढ्यात मिळतं. तरी गच्चीवरच्या गप्पांत पहिला प्रश्न असतो, ‘पॉवर किती?’

(दृश्य: उद्यमनगर, लेथवर फिरणारा लोखंडी दांडा)

हे उद्यमनगर, कोल्हापूरची कारखान्यांची वसाहत. इथं सांगाल ते करून मिळतं. जाड स्प्रिंग, घट्ट बसणारं सील, वर तेलाचे दोन थेंब. हवा दाबली जाताना ते तेल आत पेट घेतं, छर्रा आणखी जोरात सुटतो आणि नळीतून धूर निघतो. मालक खूश. पण बंदूक आता वीस ज्यूलच्या आत आहे की बाहेर, ते त्याला सांगता येत नाही, कारण मोजलेलंच नाही. विकत घेतली तेव्हा परवान्याची गरज नव्हती. आज कदाचित त्याच्या घरात विनापरवाना शस्त्र आहे.

(दृश्य: कळंबा तलाव, पाणपक्षी)

दुसरी गोष्ट याहून वाईट. पाखरं मारणं. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 चा आहे. एअरगननं मारलं म्हणून शिकार खेळ ठरत नाही. तरी होला पाडून त्याचा रील टाकणारे बहाद्दर आहेत. नियम कडक होतात ते अशांमुळं. अरुणाचल प्रदेशात मार्च 2021 पासून ‘एअरगन सरेंडर अभियान’ सुरू झालं आणि लोकांनी दोन हजारांहून जास्त एअरगन जमा केल्या. स्कॉटलंडमध्ये 2005 साली छर्रा लागून दोन वर्षांचं मूल दगावलं. तिथं 31 डिसेंबर 2016 पासून एअरगनला परवाना सक्तीचा आहे.

म्हणून गच्चीवर धाकधूक आहे. सरसकट परवाना आला तर पोलिसांची चौकशी, जिल्हाधिकारी कार्यालयातली फाइल, नूतनीकरण. निवडणूक लागली की परवान्याची शस्त्रं पोलीस ठाण्यात जमा करायला लावतात. आणि आपल्याकडं निवडणुका काय कमी असतात? स्पर्धा खेळणाऱ्या नेमबाजांना सहसा सवलत मिळते. पण राधानगरीहून एसटीनं सरावाला येणारी, अजून एकही स्पर्धा न खेळलेली मुलगी त्या सवलतीत बसेलच असं नाही. गच्चीवरच्या माणसाचा रविवार बुडेल. तिची सुरुवातच राहून जाईल.

नियम नकोतच, हे मात्र पटत नाही. जवळून सुटलेला छर्रा डोळा फोडतो, लहान मुलाच्या कवटीत घुसतो.

(दृश्य: टेबलावर छोटं यंत्र, त्यातून जाणारा छर्रा)

हे क्रोनोग्राफ. छर्ऱ्याचा वेग सांगतं. वेग आणि वजन कळलं की ज्यूल काढता येतात. अर्ध्या ग्रॅमच्या छर्ऱ्याला सेकंदाला साधारण 283 मीटरच्या पुढचा वेग मिळाला, की बंदूक मर्यादेबाहेर. काही हजारांत मिळणारं हे यंत्र चारचौघांत वर्गणी काढून घेता येतं. गणपतीला काढतोच की.