डायरीवाले काका म्हणजे आमचे पप्पा

पप्पांवर व्हिडिओ करायचं ठरलं आणि पहिलाच प्रॉब्लेम असा की त्यांचा एकट्याचा धड फोटोच नाही. सोलापुरात कुणाचाही वाढदिवस असला तरी चौकात डिजिटल बॅनर लागतंय, पण पप्पांचं पहिलं डिजिटल लागलं ते भावपूर्ण श्रद्धांजलीचं, आणि त्यावरचा फोटोपण आधार कार्डावरनं उचललेला. बाकीचे सगळे रक्तदान शिबिरातले, हे असले. मधे हार घातलेले पाहुणे, आणि हे एकदम कडेला, हातात बिस्किटाचा बॉक्स, अर्धा खांदा फोटोच्या बाहेर.

काम म्हणाल तर पॉवरलूमवर जॉबर. टॉवेलचे माग. धोटा अडकला, बीम संपलं, जकार्डमध्ये काही बिघडलं की हाक यायची, "जॉबरला बोलवा बे." आयुष्यभर त्या खडखडाटात राहून त्यांना ऐकायला कमी यायला लागलं, म्हणून फोन कायम स्पीकरवर. त्यामुळं सिव्हिल हॉस्पिटलला आज कुणाला कुठलं रक्त पाहिजे हे आख्ख्या गल्लीला माहीत असायचं.

सुरुवात किल्लारीपासनं झाली. ३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, विसर्जन करून पोरं घरी येऊन नुकती आडवी झालेली आणि पहाटे चारच्या सुमाराला भूकंप. इथंपण जमीन हादरली, लोक रस्त्यावर आले. मग लातूर-उस्मानाबादकडचे जखमी सोलापूरला यायला लागले तसे पप्पा मित्रांबरोबर सिव्हिलला गेले, अंगावरचा गुलाल तसाच. तिथं आयुष्यात पहिल्यांदा रक्त दिलं. सुईला मात्र ते शेवटपर्यंत घाबरायचे, दरवेळी तोंड फिरवून बसायचे, आणि नव्या पोरांना सांगायचे, "काही होत नाही बे, बघू नको फक्त."

आता ही डायरी, रक्त देणाऱ्यांची. नाव, ब्लड ग्रुप, नंबर, आणि शेवटच्या रकान्यात रक्त कधी दिलं ती तारीख. पुरुषाला एकदा दिल्यावर तीन महिने परत देता येत नाही, बाईला चार महिने, म्हणून तारीख सगळ्यात महत्त्वाची. निगेटिव्हवाल्यांचं पान वेगळं, कारण आपल्याकडं ते शंभरात पाचेकच असतात. त्यांच्याशी पप्पांची वागणूकपण वेगळीच असायची, म्हणजे एक ओ निगेटिव्हवाला भाऊ लग्न करून पुण्याला गेला तर पप्पांना पोरगी सासरी गेल्यासारखं वाईट वाटलं होतं. संस्था काढा म्हणून लई जणांनी सांगितलं. पप्पा म्हणायचे, "संस्था काढली की अध्यक्ष कोण यावरनं भांडण. डायरीला अध्यक्ष लागत नाही."

सिव्हिलला अक्कलकोटकडनं, विजापूर-गुलबर्ग्याकडनं पेशंट येतात. सोबतचा माणूस कागद हातात धरून उभा, कुठं जायचं कळत नाही. पप्पा त्याच्याशी कन्नडमध्ये बोलायचे, घरी तेलुगू, आमच्याशी मराठी, आणि चिडले की तिन्ही एकदम. थॅलेसेमियाच्या लेकरांना दोन ते चार आठवड्यांनी रक्त लागतंच, त्यांच्या तारखा आईच्या कॅलेंडरवर दुधाच्या हिशोबाशेजारी लिहिलेल्या असायच्या. मे महिना सगळ्यात वाईट. कॉलेजं बंद, पोरं गावाकडं, ऊन चव्वेचाळीसला टेकलेलं, रक्त द्यायला कोण येणार? म्हणून त्यांचं शिबिर मे महिन्यातच, संध्याकाळी पाचनंतर.

लोक आम्हाला विचारतात, मग घराकडं दुर्लक्ष होत असेल ना? खरं सांगू, हा प्रश्न ऐकला की मला हसू येतंय. आई विड्या वळायची. दिवसाला हजार विड्या म्हणजे मान आणि बोटं दोन्ही जातात. पप्पा कामावरनं आले की तिच्या सुपाशेजारी बसायचे आणि वळलेल्या विड्यांना दोरा बांधत बांधत फोन करायचे. बापय माणूस विड्या बांधतोय म्हणून गल्लीत हसायचे लोक, त्यांना काही फरक नव्हता. चार-पाच दिवसाआड पाणी, तेपण रात्री कधीपण येणार, तर पाण्याच्या रात्री तेच उठायचे, आम्हाला उठवायचे नाहीत, परीक्षा असो नसो. आमचं भरून झालं की वरच्या आज्जींचं. सकाळी डोळे लाल करून परत मागावर. शाळेतली एक पालकसभा चुकवली नाही त्यांनी, पाळी बदलून यायचे, मागच्या बाकावर बसायचे आणि सरांना फक्त एकच विचारायचे, "पोरगी प्रश्न विचारती का वर्गात?" मार्क किती ते कधीच नाही.

आणि गड्डा, म्हणजे सिद्धेश्वराची जत्रा. १२ जानेवारीला सकाळी आम्हाला चार पुतळ्याला घेऊन जायचे. मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा. १९३१ साली याच तारखेला इंग्रजांनी येरवड्यात फाशी दिली या चौघा हुतात्म्यांना. नावं पाठ पाहिजेत, तरच नंतर गड्ड्यात पाळण्यात बसायला पैसे. दुसऱ्या दिवशी अक्षता सोहळ्याला संमती कट्ट्याच्या गर्दीत ते स्वयंसेवक, पांढरी बाराबंदी घालून, काम फक्त हरवलेली पोरं सांभाळायचं. त्यांच्याकडं चिठ्ठ्या असायच्या, लहान पोरांच्या खिशात आईबापाचा नंबर टाकायला. पहिली चिठ्ठी आमच्या खिशात.

पुढं शुगर वाढली, इन्सुलिन सुरू झालं. इन्सुलिनवाल्याचं रक्त घेत नाहीत. ब्लड बँकेतनं परत आले त्या दिवशी जेवले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून दुप्पट फोन.

गेल्या पावसाळ्यात, रात्री, झोपेतच गेले. डोळ्यांचा फॉर्म त्यांनी आधीच भरलेला होता, शुगर असली तरी डोळे देता येतात. सहा तासाच्या आत घ्यावे लागतात. आईनंच सांगितलं सगळं, पंखा बंद करा, डोक्याखाली उशी द्या, पापण्यांवर ओला कापूस ठेवा. तिला हे कधी शिकवलं होतं त्यांनी, आम्हाला पत्ताच नव्हता. रडायचं बाजूला ठेवून आम्ही फोन लावत बसलो, आणि टीम वेळेत आली.

नंबर चालूच ठेवलाय, फोन दादाकडं असतो. डायरी मोबाईलमध्ये घेतली पण पप्पांचं अक्षर असलं भारी की निम्मे नंबर लागत नाहीत, त्यामुळं तुम्ही त्यात असाल आणि नंबर बदलला असेल तर एक मिस कॉल द्या. शिबिर मे महिन्यातच आहे, संध्याकाळी पाचनंतर. येताना काहीतरी खाऊन या, उपाशीपोटी आलात तर परत पाठवू.