अर्ध्या इंचाची हरळी

टेक्सासमधलं डॅलस, जून महिना, सकाळचे सात वाजलेत आणि ऊन आत्तापासूनच चटके द्यायला लागलंय. या घरापुढचं लॉन बघा, गवताची उंची फक्त अर्धा इंच, म्हणजे साधारण १३ मिलिमीटर, आणि हे गवत आहे बर्म्युडा, म्हणजे आपली हरळी, तीच सायनोडॉन डॅक्टिलॉन, जिच्या दूर्वा आपण गणपतीला वाहतो. हे लॉन ज्या काकांचं आहे ते मूळचे परभणीकडचे, लहानपणी नांगरामागे फिरून हरळीच्या काश्या वेचलेल्या, कारण एक पेर जरी जमिनीत राहिलं तरी तिथून पुन्हा फुटते ही, आणि आज तेच काका तिला पोटच्या पोरासारखं जपतात.

आता बऱ्याच जणांना वाटतं की गवत कापायच्या मशीनची उंची खाली केली की झालं आखूड लॉन. तसं होत नाही. उंच वाढलेली हरळी एकदम खाली कापली की खालून पिवळट काड्या दिसतात, कारण पानं वरच्या टोकाला आणि खाली नुसती खोडं. म्हणून नियम असा की एका वेळी उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त कापायचं नाही. अर्धा इंच ठेवायचं असेल तर पाऊण इंच व्हायच्या आत मशीन बाहेर, आणि जूनच्या उन्हात ही अशी वाढते की दर दोन-तीन दिवसांनी कापावंच लागतं, मग पाहुणे असोत की ऑफिसची मीटिंग असो. पण याचं फळही दिसतं, शेंडा सारखा खुडला गेला की बाजूचे कोंब फुटतात, जमिनीलगत धावणाऱ्या खोडांचं जाळं दाट होत जातं, इतकं की बोट घातलं तरी माती सहज लागत नाही.

मशीनबद्दल थोडं सांगायलाच हवं. पंख्यासारखं पातं फिरणारा नेहमीचा मोवर इतक्या खाली नीट चालत नाही, तो गवत झोडपतो, गवताच्या पानांची टोकं फाटतात आणि दुसऱ्या दिवशी सगळ्या लॉनवर पांढुरकी छटा येते. इथे लागतो रील मोवर. पीळ दिलेली पाती एका सिलिंडरवर, म्हणजे रीलवर, फिरतात, खाली एक स्थिर पातं असतं, आणि गवत त्या दोघांमध्ये कात्रीत सापडल्यासारखं कापलं जातं. १८३० साली इंग्लंडमध्ये स्ट्राउडजवळ एडविन बडिंगनं हे पहिल्यांदा बनवलं, गिरणीत लोकरी कापडावरची लव कापायचं यंत्र बघून सुचलं त्याला. काका काय करतात बघा, कागदाची पट्टी दोन पात्यांमध्ये धरली, रील हातानं हळूच फिरवलं, कागद एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सगळीकडे स्वच्छ कापला गेला पाहिजे. मधेच कुठे चुरगळला तर तिथे गवतही चुरगळणार, मग स्क्रू अर्धा आटा फिरवून पुन्हा पट्टी.

पण माझ्या मते खरं काम जमीन सपाट करायचं आहे आणि त्याबद्दल कोणी फारसं बोलत नाही. डॅलसची माती काळी, मराठवाड्यातल्यासारखीच, पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, शास्त्रज्ञ दोन्हींना व्हर्टिसॉल याच गटात टाकतात. अशी माती दरवर्षी थोडी वरखाली होतेच, आणि दोन इंच गवतात जो उंचवटा दिसतही नाही तो अर्ध्या इंचावर मशीनखाली थेट सोलून निघतो, गोल भुरा डाग पडतो. त्यावर उपाय वाळू. गवत जोमात असताना बारीक कोरडी वाळू पसरायची, फळीनं ओढून खळग्यांत बसवायची, आणि पानांचे शेंडे वर दिसत राहिले पाहिजेत, गवत पूर्ण गाडायचं नाही. पुढच्या काही दिवसांत हरळी त्या वाळूतून वर येते. एका वर्षात सगळं लेव्हल होत नाही, थोडं यंदा, थोडं पुढच्या वर्षी.

इथल्या बऱ्याच लॉनमध्ये जी जात असते ती टिफवे, जॉर्जियातल्या टिफ्टनला ग्लेन बर्टन यांनी तयार केलेली, १९६० मध्ये बाजारात आली. साधी हरळी आणि आफ्रिकेतली एक बारीक पानांची बहीण यांचा संकर, पान नाजूक, बी धरतच नाही, त्यामुळे लावायची तर काडी किंवा तयार गालिचाच आणावा लागतो.

याची किंमतही आहे आणि ती लपवू नये. पान कमी म्हणजे मुळाला अन्न कमी, मुळं उथळ राहतात, म्हणून उंच लॉनपेक्षा हे लवकर सुकतं, आणि या भागात पाणी द्यायला आठवड्यातून ठरावीक दिवसांचीच परवानगी असते. सावली तर हिला अजिबात चालत नाही. ओकच्या झाडाखाली काकांनी दोन वर्षं झगडून शेवटी हरळी काढून टाकली आणि ते योग्यच केलं, सावलीत अर्धा इंच म्हणजे गवताला उपाशी ठेवणं. कुंपणाजवळचा एक पट्टा मात्र मुद्दाम कापत नाहीत, तिथे तणनाशकही मारत नाहीत, गणपतीत आसपासची मराठी मंडळी तिथूनच तीन पानांच्या दूर्वा खुडून नेतात, कारण कापलेल्या लॉनमध्ये जुडी बांधण्याएवढं पातं मिळतच नाही.

नोव्हेंबरात थंडी पडली की सगळं तपकिरी होतं, मेलेलं नसतं, झोपलेलं असतं. फेब्रुवारी संपता संपता ती वाळलेली पानं अगदी जमिनीलगत कापून गोळा करायची, म्हणजे ऊन थेट मातीला लागतं आणि नवी फूट लवकर येते. मधल्या काळात मोवर उघडायचा, रील उलटं फिरवत पात्यांना खरखरीत पेस्ट लावून धार काढायची, आणि पुन्हा कागदाची पट्टी घालून बघायची.