औषधविक्या हेन्री वेलकम

नमस्कार श्रोतेहो.

कोकणातला माणूस पोटासाठी मुंबई गाठतो, पण गावाला अंतर देत नाही. देवळाचा जीर्णोद्धार असो की शाळेची खोली, पावतीपुस्तकात चाकरमान्यांची नावं असतातच. म्हणूनच परमुलखात जाऊन औषधांच्या धंद्यात अमाप पैसा मिळवून तो संशोधनाला दान केलेल्या हेन्री वेलकम यांच्याबद्दल तुमच्याशी बोलावंसं वाटलं.

वेलकम यांचा जन्म १८५३ सालचा, अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमधला, ओंडक्यांच्या घरातला. काका डॉक्टर होते. त्यांच्या औषधांच्या दुकानात पोरगा राबला, पुढे फिलाडेल्फियात औषधशास्त्र शिकला आणि फिरता विक्रेता झाला. हिवतापावरचं क्विनाइन ज्या सिंकोना झाडाच्या सालीतून निघतं, त्याची रानं त्यानं इक्वेडोरमध्ये जाऊन पाहिली. १८८० मध्ये तो लंडनला आला आणि सायलस बरोज या दुसऱ्या अमेरिकन माणसाबरोबर त्यानं कंपनी काढली. तेव्हा तिकडे औषधं बहुतेक खलात कुटून, पुड्या बांधून नाहीतर काढे करून दिली जात. मात्रा देणाऱ्याच्या हातावर अवलंबून. यांनी यंत्रावर दाबलेल्या, नेमक्या मात्रेच्या गोळ्या खपवल्या. १८९५ मध्ये बरोज वारले आणि सगळा कारभार वेलकम यांच्याकडे आला.

मला त्यांचं मोठेपण दिसतं ते १८९४ मध्ये सुरू केलेल्या प्रयोगशाळेत. घटसर्पानं लहान मुलं पटापट दगावत, तो काळ. घोड्याला रोगाचं विष थोडंथोडं टोचायचं, त्याच्या रक्तात उतारा तयार झाला की तो वेगळा काढायचा आणि मुलाला द्यायचा, हे काम तिथं सुरू झालं. पुढे १९०४ मध्ये त्यांनी हेन्री डेल या तरुण शास्त्रज्ञाला संशोधनासाठी आणलं. डेल यांना १९३६ मध्ये नोबेल मिळालं. वेलकम त्याच वर्षी जुलैत वारले.

१९१० मध्ये ते ब्रिटिश नागरिक झाले होते, १९३२ मध्ये 'सर' झाले. त्यांना जुन्या वस्तूंचा अनावर नाद होता. माणसं पाठवून त्यांनी जगभरातून लाखो वस्तू गोळा केल्या. आपल्या देशातली हजारो हस्तलिखितंही त्यात गेली, आणि ती लंडनच्या कपाटांत आहेत याचं मला वाईट वाटतं. माणसाच्या दानाबद्दल बोलताना हेही सांगितलंच पाहिजे.

आणि दान तरी कसं? मृत्युपत्रात त्यांनी नुसती रोकड ठेवली नाही. कंपनीची सगळी मालकीच विश्वस्तांच्या हाती दिली आणि नफा वैद्यकीय संशोधनाला लावायला सांगितला. सुरुवातीची वर्षं कर भरण्यात आणि महायुद्धात गेली. पण गोळी विकली जाई, त्यातून संशोधन होई. कंपनीच्या अमेरिकेतल्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या गर्ट्रूड एलियन आणि जॉर्ज हिचिंग्ज यांना १९८८ मध्ये नोबेल मिळालं. तुमच्यापैकी अनेकांनी घेतलेल्या सेप्ट्रानच्या गोळीतलं एक औषध त्यांच्याच कामातून आलेलं. पुढे या विश्वस्तांच्या संस्थेनं, म्हणजे वेलकम ट्रस्टनं, कंपनीचे समभाग विकले, पण संशोधनाला पैसा देणं चालूच आहे.

२०१९ मध्ये याच ट्रस्टनं सर्पदंशावरच्या संशोधनासाठी ८ कोटी पौंड देण्याचं जाहीर केलं. हे ऐकून मला आपले सडे, म्हणजे कोकणातली जांभ्या खडकाची पठारं, आठवली. गवत कापताना, काजू वेचताना फुरसं चावतं, रक्त गोठायचं थांबतं, हिरड्यांतून रक्त येऊ लागतं. दवाखान्यात मिळणारी लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांच्या विषावर चालते आणि ती आजही घोड्याच्या रक्तातूनच काढतात. त्यासाठी लागणारं विष मुख्यतः तमिळनाडूतल्या सापांचं असतं, आणि एकाच जातीच्या सापाचं विष मुलखागणिक बदलतं. मग आपल्या जांभ्यावरच्या फुरशाला ती लस किती लागू पडते, हे इथलं विष तपासूनच ठरवावं लागेल. अशा कामाला पैसा लागतो, वेळ लागतो, आणि त्यातून नफा निघेलच असं नाही. तोवर कोकणात कुणाला फुरसं चावलं, तर मांत्रिकाकडे न जाता, जखम न कापता, त्याला हलू न देता थेट सरकारी दवाखान्यात न्या आणि लस आहे का ते गाडीत बसतानाच फोन करून विचारा.