पूर्ण बाईट कुठंय?

(दृश्य: पाचपाखाडी, ठाणे महापालिका मुख्यालय. गाडीभोवती गर्दी, बूम म्हणजे चॅनेलचे माईक, क्लोजअपमध्ये.)

गाडीचं दार धड उघडलंही नाही आणि बूम आत घुसलेत. त्यातले दोन-तीन मोठ्या चॅनेलचे, बाकी सगळे इथलेच, कुणाचं यूट्यूब चॅनेल, कुणाचं फेसबुक पेज, एकाकडे तर बूमच नाही, नुसता मोबाईल वर धरलाय. साहेब चालता चालता बोलतायत, मागून दुसराच कुणीतरी ओरडून विचारतोय, आणि आता जे उत्तर आलं ते पहिल्याला की दुसऱ्याला ते तिथे उभं राहूनही कळत नाही. बूम असतो नेत्याच्या तोंडाशी, त्यामुळे विचारणाऱ्याचा प्रश्न रेकॉर्डिंगमध्ये अर्धाच येतो. नेत्याचं वाक्य तोडून फिरवायची बहुतेक भानगड इथूनच सुरू होते.

(दृश्य: तलावपाळी, संध्याकाळ. कॅमेऱ्यासमोर आमच्या टीममधला एक जण.)

पुढे काय होतं ते दाखवायचं होतं, पण खऱ्या नेत्याचा बाईट, म्हणजे कॅमेऱ्यासमोरचं बोलणं, घेतला असता तर बघणाऱ्याने आधी पक्ष बघितला असता, म्हणून आमच्याच एकाला नेता केला. वाक्य दिलं असं: घोडबंदरचे टँकर बंद व्हायलाच हवेत, पण नळाला पुरेसं पाणी येईपर्यंत एकही टँकर मी बंद होऊ देणार नाही. सरळ वाक्य आहे, घोडबंदरला राहणाऱ्या कुणालाही पटेल असं.

(दृश्य: वाशी, एडिटिंगची खोली. स्क्रीनवर टाइमलाइन.)

हे बघा. ही त्या वाक्याची ऑडिओ लाईन. माणूस श्वास घेतो तिथे लाट खाली बसते, आणि एडिटरला कापायला तीच जागा सोयीची, कारण तिथे कट ऐकू येत नाही. ‘हवेत’ नंतर कट मारला. पुढे तलावपाळीचा नुसता आवाज थोडा जोडला, गाड्या, हॉर्न, लोकांची गलबल, म्हणजे माणूस बोलायचा थांबलाय असं वाटतं. आता हेडफोन लावून परत ऐका, आवाज वरच राहिलाय. आपण वाक्य संपवताना आवाज खाली आणतो, इथे तो खाली आलेलाच नाही, म्हणजे बोलणारा अजून बोलणार होता. सराईत एडिटरला हे लगेच कळतं. पण ट्रेनमध्ये मोबाईलच्या स्पीकरवर, त्यात मागे म्युझिक टाकलेलं, कोण ऐकणार एवढं?

मग प्लेट, म्हणजे बातमीचं चित्र, बनते. लाल पट्टी, नेत्याचा तोंड वासलेला फोटो, ‘टँकर बंद! घोडबंदरकरांना दणका’. ही ओळ कुणी बोललेलं नाही, तरी पंधरा मिनिटांत ती दुसऱ्या पेजवर अवतरण चिन्हात जाते, तिथून एखाद्या पोर्टलच्या डेस्कवर, म्हणजे बातम्या तयार होतात तिथे, आणि डेस्कवरचा मुलगा मूळ रेकॉर्डिंग मागत नाही, कारण त्याला अजून बऱ्याच बातम्या टाकायच्या असतात. यात दरवेळी कुणाचा डाव असतोच असं नाही. स्ट्रिंगर, म्हणजे बातमीमागे पैसे मिळणारा वार्ताहर, सकाळपासून कोर्ट नाका, कळवा, परत पाचपाखाडी असा पळतोय आणि डेस्क म्हणतोय वीस सेकंद दे, चटपटीत दे. म्हणून म्हणतो, माणसापेक्षा ही पद्धत बघा.

(दृश्य: वर्तमानपत्रांची कात्रणं, जुन्या क्लिप.)

आता खरी उदाहरणं, दोन्हीकडची. नोव्हेंबर २०१७, गुजरातेत पाटणला राहुल गांधींचं भाषण. बटाटा घालून सोनं काढायच्या मशीनचं वाक्य देशभर फिरलं. मूळ भाषणात ते म्हणत होते की मोदी शेतकऱ्यांना असं सांगतात. आधीचा तुकडा कापला आणि वाक्य त्यांच्याच गळ्यात. एप्रिल २०२४, ऐन लोकसभेच्या वेळी अमित शहांचा व्हिडिओ. मूळ भाषण २०२३ चं, तेलंगणातलं, मुस्लिम आरक्षण काढण्याबद्दलचं. फिरवलं असं की एससी, एसटी, ओबीसींचं आरक्षणच काढणार. त्यात गुन्हे दाखल झाले, अटका झाल्या.

आणि हे मोबाईलवाल्यांचंच काम आहे असं समजू नका. जुलै २०२२ मध्ये एका मोठ्या हिंदी चॅनेलने राहुल गांधींचं वायनाडमधलं वक्तव्य, जे त्यांचं ऑफिस फोडणाऱ्या पोरांबद्दल होतं, ते उदयपूरच्या शिंप्याच्या हत्येतल्या आरोपींबद्दल आहे असं दाखवलं. नंतर माफी मागितली. स्टुडिओ, अनुभवी डेस्क, सगळं असून हे झालं.

उलटही बघा. एप्रिल २०१३, इंदापूर तालुक्यात धरणातल्या पाण्याबद्दल अजित पवार जे बोलले त्याचं रेकॉर्डिंग होतं. ‘विपर्यास केला’ म्हणायला जागाच नव्हती. त्यांनी माफी मागितली, कराडला यशवंतरावांच्या समाधीपाशी दिवसभर आत्मक्लेश केला. तेच रेकॉर्डिंग, जे नेत्याला वाचवतं, ते त्याला पकडूनही देतं. पत्रकाराला दुसरं हत्यार लागत नाही.

(दृश्य: ठाण्याचं मराठी ग्रंथ संग्रहालय. पानं उलटणारे हात.)

हे ग्रंथालय १८९३ चं. ठाण्यातून ‘अरुणोदय’ हा पेपर निघायचा तो त्याच्याही आधी, १८६६ पासून, म्हणजे या गावाला छापलेल्या शब्दाची सवय जुनी आहे. छापील पेपरला आज प्रेस कौन्सिल आहे, १९७८ च्या कायद्याची. तिचे नियम सांगतात, छापायच्या आधी खातरजमा करा, ज्याच्याबद्दल लिहिलंय त्याला उत्तराची संधी द्या, चूक निघाली तर स्वतःहून आणि ठळक दुरुस्ती छापा. कौन्सिल समज देऊ शकते, ताशेरे मारू शकते, दंड करू शकत नाही. टीव्ही तिच्या कक्षेत नाही, यूट्यूबवालाही नाही. बदनामीचा कायदा मात्र तिघांनाही सारखाच, पूर्वी दंड संहितेचं कलम ४९९-५००, आता भारतीय न्याय संहितेचं ३५६, आणि त्यात दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

मग पत्रकार कोण आणि ब्लॉगर कोण? गळ्यातल्या कार्डावरून ठरवायचं असेल तर ठरवा, आम्हाला ते पटत नाही. चॅनेलला वीस सेकंदांचं बंधन आहे. पेज चालवणाऱ्या मुलाला ते नाही, तो अकरा मिनिटांचा अख्खा बाईट जसाच्या तसा टाकू शकतो, फुकट टाकू शकतो, आणि तरी तो वीस सेकंदच कापतो हे खटकतं. इथेच काही जण नीट काम करतात, आधी अनकट टाकतात, मग त्यातला तुकडा. प्रश्न ऐकू आला नसेल तर स्क्रीनवर लिहितात. चुकलं तर पोस्ट गुपचूप उडवत नाहीत, वरच लिहितात की हे चुकलं होतं. याला पत्रकारिता म्हणायचं नाही तर कशाला म्हणायचं?

(दृश्य: ब्लॅक. अक्षरं.)

या फिल्ममध्ये कॅमेऱ्यासमोर जे जे बोलले त्या सगळ्यांचं पूर्ण रेकॉर्डिंग, तलावपाळीच्या नमुन्यासकट, खाली लिंकमध्ये टाकलंय. कुणाला आपलं वाक्य आम्ही मधेच तोडलंय असं वाटलं तर मिनिट-सेकंद लिहून कळवा. तपासू, बदलू, आणि काय बदललं ते व्हिडिओच्या सुरुवातीलाच लिहू.