केळी, मिरची आणि कापलेले दोन मार्क

नमस्कार मंडळी. बाहेर फळ्यावर विषय लिहिलाय 'कार्बोक्झिलिक आम्लांची व्युत्पन्ने व त्यांचे दैनंदिन उपयोग'. हे वाचूनही तुम्ही एवढे जण आलात म्हणजे नंतर भरीत-पुरी आहे ही बातमी फुटलेली दिसते. हरकत नाही, मीही त्याच बोलीवर आलोय.

विषय तसा सोपा आहे हो. व्हिनेगरमधलं अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड घ्या, त्याच्या टोकाचा ओएच, म्हणजे ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी, काढा आणि जागेवर दुसरं कुणीतरी बसवा. क्लोरीन बसवला तर अ‍ॅसिड क्लोराइड, दुसरं अ‍ॅसिडच जोडलं तर अ‍ॅनहायड्राइड, अल्कोहोल जोडलं तर एस्टर, नायट्रोजनवाला आला तर अमाइड. चार भावंडं. यातलं कोण तापट, म्हणजे पटकन अभिक्रिया करणारं, नि कोण थंड हे आपण बारावीच्या पोरांकडून घोकून घेतो, आणि माझं कित्येक वर्षांचं रडगाणं एवढंच आहे की आपल्या खान्देशातल्या पोराच्या नाकाला आणि जिभेला यातलं निम्मं आधीच ठाऊक असतं, आपण विचारतच नाही त्याला.

यावरून एक किस्सा सांगतो. ज्यांनी आधी ऐकलाय त्यांनी चहा मारून या.

प्रॅक्टिकलची परीक्षा होती. प्रयोग एस्टरचा. आयसोअमाइल अल्कोहोल, ग्लेशियल अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड, वर सल्फ्युरिकचे दोन-तीन थेंब, नळी गरम पाण्यात धरायची, मग ते सगळं सोड्याच्या पाण्यात हळूच ओतायचं, फसफसतं, वर तेलकट थर येतो आणि वास सुटतो. फिशर आणि स्पायर यांनी १८९५ साली बसवून दिलेली रीत, अजून तीच चालते. जर्नलमध्ये निरीक्षणाच्या रकान्यात सगळे डोळे मिटून लिहितात, 'केळीसारखा वास'.

एक पोरगा होता रावेरकडचा. घरची केळीची बाग, सकाळी घड उतरवायला मदत करून आलेला, बोटांवर चिकाचे काळे डाग तसेच. त्याने नळी हुंगली, परत हुंगली, आणि लिहिलं, 'केळीसारखा वास येत नाही, क्रीमच्या बिस्किटासारखा येतो.'

बाहेरून आलेल्या परीक्षकांनी लाल पेनाने दोन मार्क कापले. मी म्हटलं, अहो साहेब, तो जन्मापासून केळीत आहे, तुम्ही त्याला केळी शिकवताय? ते म्हणाले, पुस्तकात काय दिलंय ते बघा. आमचा लॅब असिस्टंट मागून पुटपुटला, "पोऱ्या खरं बोलून राहिला ना सर." पण लॅब असिस्टंटला मार्क द्यायचा अधिकार कुठे! ते दोन मार्क मला अजून टोचतात, पोरगा केव्हाच विसरला असेल.

आणि पोऱ्या खरंच बरोबर होता, ही खरी गंमत. आयसोअमाइल अ‍ॅसिटेट केळीत असतोच, पण एकटा नाही. आयसोब्युटाइल अ‍ॅसिटेट, आयसोअमाइल ब्युटिरेट, अशी एस्टरांची मोठी पंगत बसलेली असते आणि तीही फळ पिकायला लागल्यावर. कच्च्या केळीला कुठे असतो तो वास? इसेन्सच्या बाटलीत त्या पंगतीतला एकच पाहुणा पकडून आणतात आणि त्यालाच सगळं लग्न म्हणतात. आपल्या जळगाव जिल्ह्यात बसून, जिथल्या केळीला २०१६ साली जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं, मला कुणी 'बनाना फ्लेवर'चं आइस्क्रीम खाऊ घातलं की माझं डोकंच फिरतं.

जाता जाता, हाच आयसोअमाइल अ‍ॅसिटेट मधमाशीच्या डंखातूनही सुटतो, बाकीच्या माश्यांना 'चला, हल्ला' म्हणून सांगायला. १९६२ साली हे कळलं. म्हणून मधपाळ सांगतात की पेटीजवळ केळी खाऊ नका. आमचे एक नातेवाईक... नको, ते राहू द्या, चिठ्ठी आली. दहा मिनिटं उरलीत म्हणे. मुख्य मुद्दा तर अजून झाकलेलाच आहे.

तर पटापट. ओएच गेल्यावर जो येऊन बसतो तो भाडेकरू समजा आणि कार्बोनिलचा, म्हणजे ऑक्सिजनला दुहेरी बंधाने बांधलेला, कार्बन घरमालक. मालक कायम इलेक्ट्रॉनचा भुकेला. नायट्रोजन हा भाडेकरू त्याला आपले इलेक्ट्रॉन सढळ हाताने उसने देतो, म्हणजे मालक मिंधा, आता काढा बघू त्याला घराबाहेर. पागडीवालाच झाला तो. एस्टरमधला ऑक्सिजन देतो, पण हात राखून. अ‍ॅनहायड्राइडमधल्या ऑक्सिजनला दोन घरं सांभाळायची, प्रत्येकाला निम्मंच. क्लोरीन जवळपास काहीच देत नाही, त्यात बॅग भरूनच बसलेला, पाणी दिसलं की निघाला. म्हणून अ‍ॅसिटाइल क्लोराइडची बाटली जुलैच्या दमट हवेत उघडली की धूर सुटतो, आणि म्हणूनच पहिली दोन भावंडं तुमच्या घरात सापडत नाहीत, कारखान्यातच राबतात. घरात नांदतात ती एस्टर आणि अमाइड.

घरी जाऊन बघा. अ‍ॅस्पिरिनची जुनी बाटली असेल, पावसाळा खाल्लेली, तर झाकण उघडून हुंगा. व्हिनेगरचा वास येईल. १८९७ साली हॉफमनने बायर कंपनीत सॅलिसिलिक अ‍ॅसिडवर अ‍ॅसिटाइल (अ‍ॅसिटिक अ‍ॅसिडचा ओएच गेल्यावर उरलेला तुकडा) चढवून ती शुद्ध रूपात केली, पण जोड एस्टरची, दमट हवेने सुटते. शेजारी पॅरासिटामॉल ठेवा. तोच अ‍ॅसिटाइल, पण नायट्रोजनवर, म्हणजे अमाइड. वास नाही, ढिम्म. (ती जुनी अ‍ॅस्पिरिन हुंगायचीच आहे, खायची नाही, फेकून द्या.)

तेल-तूप एस्टर, कॉस्टिकने फोडलं की साबण. पाण्याची बाटली, पॉलिस्टरची साडी, एस्टरच. नायलॉनची दोरी, रेशीम, डाळीतलं प्रोटीन, तुमचं-माझं अंग, सगळी अमाइडची कृपा. नुसत्या पाण्याने तो बंध तुटायला शेकडो वर्षं लागतात, नाहीतर तापीत डुबकी मारून कोण वर आलं असतं?

आणि मिरची! कॅप्सायसिन हा अमाइड. म्हणून वांग्याबरोबर मिरच्या विस्तवावर भाजा, काळ्या करा, ठेचा, तिखटपणा जागचा हलत नाही. तो जिभेवरच्या उष्णता ओळखणाऱ्या रिसेप्टरला जाऊन चिकटतो, १९९७ मध्ये डेव्हिड ज्युलियस यांच्या गटाने तो शोधला, २०२१ चं नोबेल त्यातूनच. साधारण ४३ अंशांच्या वर तो रिसेप्टर आपणहून पेटतो, म्हणजे आपल्याकडे मे महिन्यात मिरची खायचीही गरज नाही.

पेनिसिलिन राहिलं, त्यातला चार कोनांत आवळलेला अमाइड मात्र भलताच तापट असतो, का ते पुढच्या वेळी. ते बघा, अध्यक्ष उठलेच. भरीत तिखट लागलं तर पाणी पिऊ नका, कॅप्सायसिन पाण्यात विरघळत नाही, दही मागून घ्या. दही डाव्या हाताच्या टेबलावर आहे, मी येताना बघून ठेवलंय.