साउअरचं बायबल उजेडाला धरताना

साल १७४३. फिलाडेल्फियाजवळच्या जर्मनटाउनमध्ये ख्रिस्तोफ साउअर जर्मन भाषेतलं संपूर्ण बायबल छापतो. प्रती १,२००. खिळे, म्हणजे छपाईची धातूची अक्षरं, आणलेले फ्रँकफर्टहून. त्याआधी १६६३ मध्ये मॅसॅच्युसेट या स्थानिक भाषेत बायबल छापून झालं होतं, पण युरोपीय भाषेतलं अमेरिकेतलं पहिलं बायबल हेच. इंग्रजी बायबलाचे हक्क राजाने इंग्लंडातल्या मोजक्या छापखान्यांना दिलेले. जर्मनला ती आडकाठी नव्हती.

आज बाजारात येणारी प्रत जाडजूड असते: लाकडी फळ्यांवर वासराचं कातडं, कडेला पुस्तक बंद करायचे पितळी आकडे. एखादा आकडा तुटलेला असतोच, तो सोडून द्या. खरी झीज आत आहे. रोज वाचल्या जाणाऱ्या पुस्तकाची पहिली आणि शेवटची पानं आधी जातात, म्हणजे शीर्षकपानही. मग विक्रेता बिनदिक्कत १७४३ सांगतो. साउअरच्या मुलाने १७६३ आणि १७७६ मध्ये हेच बायबल पुन्हा छापलं, हे तो बोलत नाही. अशा वेळी नवा करार, म्हणजे बायबलाचा दुसरा भाग, उघडा. त्याला वेगळं शीर्षकपान आहे, त्यावर साल मिळतं.

पहिलं शीर्षकपान जागेवर असेल, तर उलट जास्त सावध राहा. पान उजेडाला धरा. हातकागदात साच्याच्या जाड तारांच्या रेघा दिसतात, साधारण अडीच सेंटीमीटरवर एक. इथे ताव दोनदा दुमडून चार पानं केलेली, म्हणून रेघा आडव्या येतात आणि जलचिन्ह, म्हणजे कागदातली कागद बनवणाऱ्याची खूण, शिवणीत दडतं. एकाच पानावर रेघा उभ्या दिसल्या, किंवा दिसल्याच नाहीत, तर ते पान मागाहून बसवलेलं. आता टॉर्च कडेने तिरपा धरा. खिळ्यांचा छाप कागदात रुततो, पाठीमागे उठाव येतो. शिळाछापाची नक्कल सपाट. नक्कल असायला हरकत नाही, किंमत अस्सलची लावू नये इतकंच.

फाटलं तर चिकटपट्टी लावू नका. तिचा गोंद कागदात उतरून पिवळा डाग पडतो. पातळ पण चिवट जपानी कागद आणि गव्हाची खळ पुरते. सुकलेल्या कातड्याला तेल चोळलं की ते काळवंडतं.

जुन्या आणि नव्या कराराच्या मध्ये कधी कुटुंबातल्या जन्म-मृत्यूंच्या नोंदींचं पान सापडतं. त्याचा कागद वेगळा असला, रेघा जुळल्या नाहीत, तरी ते काढू नका. ते पान घरच्यांनीच घातलेलं असू शकतं.